बावीस अधिक सोळा, भागिले दोन

सातवीत असताना मी एका बाईचं दूध एका टक्क्यासाठी बंद केलं. तो टक्का तिच्या म्हशीत कमी नव्हता, माझ्या डोक्यात कमी होता. हे कळायला मला अकरा दिवस लागले आणि कबूल करायला त्यापुढं आणखी चार. इतक्या वर्षांनी हे लिहिताना हात जरा बिचकतोच. पण आता मला बोलणार कोण? बोलणारी माणसं गेली, आणि जी उरलीत ती मला घाबरतात.

निमित्त नातीचं झालं. धाराशिवला लेकाच्या घरी संध्याकाळी अभ्यासाची वेळ असते. म्हणजे नात टेबलाशी बसते आणि मी तिच्यासमोर शेंगा फोडत बसते. तिचा अभ्यास होतो, माझी करमणूक होते, आणि शेंगदाणे दोघी मिळून निम्मे संपवतो. परवा ती प्रगतिपुस्तक घेऊन तणतणत आली.

"आज्जी, आमच्या मॅडमनी माझे टक्के चुकवलेत. सहासष्ट लिहिलेत. पंचाहत्तर पाहिजेत."

"कशावरून?"

"हे बघ ना. चाचणीत नव्वद टक्के, परीक्षेत साठ टक्के. दोन्ही मिळून दीडशे, भागिले दोन, पंचाहत्तर. एवढं सोपं ॲव्हरेज येत नाही मॅडमना."

मी हातातली शेंग खाली ठेवली. अंगावर काटा आला म्हणणार होते, पण खरं सांगायचं तर हसू आलं. आमच्या घराण्यात हा रोग एक पिढी सोडून पुन्हा उगवला होता.

"चाचणी कितीची होती?"

"वीस मार्कांची."

"आणि परीक्षा?"

"ऐंशीची."

"म्हणजे विसातले अठरा नि ऐंशीतले अठ्ठेचाळीस. शंभरात सहासष्ट. मॅडमना येतंय बाई. तुला येत नाही."

तिला टक्के गेल्याचं दुःख राहिलं बाजूला. मी कॅल्क्युलेटर न घेता कसं काढलं हेच तिला कळेना. ऐंशीचे साठ टक्के ती मोबाइलवर काढते. तिचा बाप, म्हणजे माझा लेक, आधी दहा टक्के काढतो, आठ आले की त्यांना सहानं गुणतो. मला शाळेत गुरुजींनी शिकवलं ते त्रैराशिक: शंभराला साठ तर ऐंशीला किती, वर हे, खाली ते, अर्धं पान भरून. आणि मी आता काढते ते असं, की साठ टक्के म्हणजे पाचातले तीन वाटे. ऐंशीचा पाचवा हिस्सा सोळा, सोळा त्रिक अठ्ठेचाळीस. झालं. मग जरा मिजास दाखवावी म्हणून मी तिला म्हटलं, "पंचवीसचे सोळा टक्के काढ बघू." ती मोबाइलकडं वळेपर्यंत मी म्हणाले, "चार. उलटं करायचं. सोळाचे पंचवीस टक्के काढले तरी तेच येतं, आणि ती तर सोळाची पावकी." तिनं तीन वेळा ताडून बघितलं. तिन्ही वेळा चार आले तेव्हा कुठं मला मान मिळाला.

"पावकी म्हणजे काय गं आज्जी?"

आता एवढं विचारल्यावर मी कशाची थांबते?

आम्हाला पूर्णांकांचे पाढे होते तसे तुकड्यांचेही पाढे होते. पावाचा पाढा पावकी, अर्ध्याचा निमकी, पाऊणचा पाऊणकी. मग सवायकी, दिडकी, अडीचकी. आणि साडेतीनचा पाढा औटकी, जो कुणाला कधी लागला मला माहीत नाही, पण पाठ मात्र सगळ्यांना करावा लागायचा. मी ते पाढे शाळेच्या आधी शिकले, आणि शिकले ते चुलाणापाशी.

आमचं गाव भूमकडच्या माळावरचं. पाऊस बेताचा, विहिरी खोल, पण घरटी एखादं दुभतं जनावर असायचंच. आणि गावात आमची खव्याची भट्टी. दोन वेळचं दूध घराघरांतून यायचं, मोठ्या लोखंडी कढईत पडायचं आणि तासाभरात पिवळसर गोळा होऊन पळसाच्या पानांत बसायचं. दूध आटत असताना उलथणं अखंड फिरवावं लागतं. शेवटी शेवटी तर क्षणभर थांबलं तरी तळाला लागतं आणि सगळ्या कढईला करपट वास येतो. उलथणं आईच्या हातात. तिच्या हाताला लय राहावी म्हणून मी जवळ बसून पाढे म्हणायचे. ही आबांची, म्हणजे माझ्या वडिलांची युक्ती. पोरीचा पाढा पाठ आणि बायकोचा हात चालू, एका लाकडात दोन कामं.

दूध पातळ असताना दिडकी, कारण ती पळते. एक दिड दिड, दोन दिड तीन, तीन दिड साडेचार. घट्ट व्हायला लागलं की औटकी, कारण ती जड आहे. एक औट साडेतीन, दोन औट सात, तीन औट साडेदहा, चार औट चौदा, आणि इथं मी आढ्याकडं बघायचे. मी थांबले की सवयीनं आईचा हात थांबायचा.

"अगं म्हण की पुढं! लागायलाय खाली!"

"साडेसतरा!"

आमच्या घरी पाढा चुकला की वास यायचा.

अशा मुलीला सातवीत गुरुजींनी टक्के शिकवले, आणि मी बिघडले. मला वाटायला लागलं की पावकी-निमकी म्हणजे परकर-पोलकं, आणि टक्के म्हणजे पाचवारी साडी. जगातली प्रत्येक गोष्ट मी टक्क्यांत सांगायला लागले. शेळीनं ऐंशी टक्के लेंड्या दारातच टाकल्या. भावाचा सदरा चाळीस टक्के फाटला. एकदा जेवताना आईला म्हटलं, "आई, मी भाकरी पंचाहत्तर टक्के खाल्ली." आई म्हणाली, "राहिलेली पावकी बी गिळ गपचिप."

आबांना मात्र कौतुक. त्यांची शाळा दुसरीतच सुटलेली. खव्याचा गोळा अंगठ्याखाली दाबून ते दुधाचा कस सांगायचे आणि तो क्वचितच चुकायचा. पण टक्के ही त्यांना नवीन गोष्ट. भट्टीवर आलेल्या माणसाला ते आवर्जून सांगायचे, "आमची पोरगी टक्के काढती." ऐकणाऱ्याला टक्के म्हणजे काय हे ठाऊक नसायचं, सांगणाऱ्यालाही फारसं नसायचं, आणि मी मान ताठ करून शेजारी उभी.

त्या वर्षी उन्हाळा लवकर लागला. फाल्गुनातच विहिरींनी तळ दाखवला, आणि भट्टीमागं रचलेल्या तुराट्या अर्ध्यावर आल्या. पातळ दूध आटायला जळण जास्त खातं. म्हणून आबांनी ठरवलं, की पावसाळ्यापर्यंत ज्या घरच्या दुधाचा पाचवा हिस्सा तरी खवा पडतो, त्याच घरचं दूध घ्यायचं. पाच लिटराला एक किलो. बाकीच्यांना हात जोडायचे. पण दरवेळी कुणाला नाही म्हटलं की लोक म्हणायचे, अंगठा तुमचा, कस तुम्ही ठरवणार, सोयऱ्याचं दूध तुम्हाला घट्टच लागणार. ते बोलणं आबांना डाचायचं.

"ह्या खेपेला अंगठा न्हाय," ते म्हणाले. "पोरगी टक्के काढंल. शंभराला वीस. त्याच्या खाली आलं की बंद. आकड्याला सोयरा न्हाय."

अकरा घरांचं दूध येत होतं. प्रत्येक घरचं सकाळचं अर्धा लिटर आणि सांजचं अर्धा लिटर लहान कढईत वेगवेगळं आटवायचं आणि खवा तागडीत तोलायचा. अर्ध्या लिटराचा जितके ग्रॅम खवा, त्याची दुप्पट करायची आणि शेवटचं शून्य पुसायचं, की टक्के. लिटर आणि किलो हे आमच्याकडं सख्खे भाऊ धरले जायचे. भट्टीच्या खोलीचं दार काळपट होतं. त्यावर मी खडूनं मोठ्या अक्षरात 'टक्केवारी' लिहिलं, खाली दोन रेघा मारल्या, आणि अकरा घरं लिहून काढली. सकाळचे टक्के, सांजचे टक्के, दोन्हीची बेरीज भागिले दोन. बहुतेकांचं दूध दोन्ही वेळा सारखंच असायचं, त्यामुळं कुणाचं काही बिघडलं नाही. एक घर सोडून.

ते घर ओढ्यापल्याडचं. तिथल्या मावशीकडं एक म्हैस आणि एक म्हातारी गाय. म्हशीचं सकाळचं चार लिटर दूध ती भट्टीवर आणायची. सांजचं म्हशीचं दूध घरात, म्हाताऱ्या सासऱ्याला आणि पोरांना. म्हणून सांजच्याला ती गायीचं लिटरभर आणायची. उंच, काटक बाई. डोक्यावर चरवी, तिला हात न लावता ओढ्यातल्या दगडांवरून चालत यायची. जिभेला धार अशी, की हापशावर तिच्या पुढं नंबर लावायची कुणाची छाती नव्हती.

तिच्या सकाळच्या अर्ध्या लिटराचा खवा भरला एकशेदहा ग्रॅम. बावीस टक्के. सांजच्या गायीच्या अर्ध्या लिटराचा ऐंशी. सोळा टक्के. बावीस अधिक सोळा अडतीस, भागिले दोन, एकोणीस. मी एकोणीस लिहिला आणि त्याच्याभोवती गोल केला. त्या गोलाचा मला फार आनंद झाला होता, हे लाज सोडून सांगते. अकरा घरांत एकालाही गोल पडला नसता तर माझ्या टक्क्यांना इज्जत काय राहिली असती?

दुसऱ्या दिवशी सकाळी ती आली तेव्हा मी दारातच उभी होते.

"मावशी, तुमचे एकोणीस आले. वीस पाहिजेत. उद्यापासून दूध आणू नका."

"एकोणीस काय?"

"टक्के."

"म्या दूध आणती. टक्के कुठनं आलं त्यात?" तिनं चरवी खाली ठेवली. "पाणी घालती म्हणायचंय का तुला?"

"पाणी नाही म्हणत मी. टक्के म्हणते."

"हे बघ पोरी. सकाळचं चार लिटर, सांजचं एक. मागल्या सणाला म्या ते समदं पाच लिटर घरी आटवलं हुतं. किलो भरून वर चिमूट उरला. तुझ्या आबाला किलोच पायजे न्हवं?"

"तसं नसतं मावशी. सकाळचे टक्के वेगळे, सांजचे वेगळे. मग त्यांची सरासरी काढायची. शाळेत शिकवलंय."

"आन् खवा?"

"खवा काय?"

"खवा बी शाळेत गेला व्हय?"

भट्टीवर दूध घालायला आलेले दोघं-तिघं हसले. तिच्या बाजूनं हसले की माझ्या, मला कळलं नाही, पण माझे कान तापले. मी म्हणाले, आणि हे वाक्य मी आजवर कुणालाही सांगितलेलं नाही, "मावशी, तुम्ही शाळेत गेला असता तर तुम्हाला कळलं असतं."

मग तिनं आबांकडं बघितलं. आबा चुलाणात तुराट्या सारत होते. दाराकडं बघत, तिच्याकडं न बघता ते म्हणाले, "वहिनी, आकडा हाय. आता माझ्या हातात न्हाय." तिनं चुंबळ डोक्यावर ठेवली, भरली चरवी उचलली आणि ओढ्याकडं चालायला लागली. त्या दिवशी पहिल्यांदा तिनं चरवीला हात लावलेला मी बघितला.

दूध बंद झालं म्हणजे नुसतं दूध बंद झालं नव्हतं. दुसरी भट्टी माळापल्याड, दोन तासांची चाल. त्या उन्हात दूध तिथवर जाईस्तोवर नासायचं. म्हणजे दुभत्या म्हशीचे ते चार महिने ताकात जाणार. आणि त्याहून वाईट असं, की आमच्या भट्टीवर दूध नाकारलं याचा गावात एकच अर्थ होता. टक्के कुणाला कळत नव्हते. पाणी सगळ्यांना कळत होतं.

तीन दिवसांनी मी हापशावर रांगेत होते. पुढं मावशी. मागून कुणीतरी म्हणालं, "तुझ्या म्हशीला लई तहान लागती म्हणं गं."

दुसरी म्हणाली, "म्हैस पिती, का चरवी पिती?"

मी वाट बघितली. आता ही बाई उलटून असं काही बोलेल, की दोघींना घागरीत तोंड लपवावं लागेल. पण घागर निम्मी भरली होती, तशीच तिनं काखेला लावली आणि निघून गेली. मी तेव्हा मनात काय म्हटलं असेल? पन्नास टक्के, असं म्हटलं. देवाशप्पथ. इतकी मी गाढव होते.

अकराव्या दिवशी शाळेत गुरुजींनी चाचणीचे पेपर वाटले. वर्गात छत्तीस मुलगे आणि आम्ही चार मुली. गणितात मुलगे बरोबर निम्मे पास झाले होते आणि आम्ही चौघीच्या चौघी. गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: मुलगे पन्नास टक्के, मुली शंभर टक्के. "आता सांगा, सगळा वर्ग मिळून किती टक्के पास?"

प्रश्न संपायच्या आत माझा हात वर. "पंचाहत्तर!"

"कसे?"

"पन्नास अधिक शंभर, भागिले दोन."

गुरुजी खडू कानामागं खोचून हसले. "पास झालेले सगळे उभे राहा." अठरा मुलगे उभे राहिले, आम्ही चौघी उभ्या राहिलो. "मोज."

"बावीस."

"चाळिसातले बावीस म्हणजे?"

"पंचावन्न टक्के," मी म्हणाले.

"तुझ्या पंचाहत्तर टक्क्यांना तीस जण उभे लागतात. वरची आठ पोरं कुठून आणू? शेजारच्या गावातून? अगं, त्या बाकांवर छत्तीस आहेत आणि ह्या बाकावर चार. दोन्ही बाकांना सारखंच कसं धरलंस?"

वर्ग खदखदला. मी खाली बसले. हसण्याचं मला काही वाटलं नाही, कारण मला तिथं वर्ग दिसतच नव्हता. दारावरचा एकोणीस दिसत होता, गोलासकट.

वहीच्या मागच्या पानावर मी पुन्हा मांडलं. चार लिटर बावीस टक्क्यांचं: बावीस चोक अठ्ठ्याऐंशी. एक लिटर सोळाचं. मिळून एकशे चार, भागिले पाच. वीस, आणि वर पॉइंट आठ. चुकलं असेल म्हणून टक्के सोडून खव्यानं मांडलं. चार लिटरांचा खवा आठशे ऐंशी ग्रॅम, एका लिटराचा एकशे साठ. एक हजार चाळीस. किलो भरून वर चाळीस ग्रॅम. चाळीस ग्रॅम म्हणजे केवढं, हे मला तागडीमुळं चांगलं माहीत होतं. पाचही बोटांच्या चिमटीत धरावा एवढा गोळा. किलो भरून वर चिमूट. मावशीनं मला दारात जे सांगितलं होतं, तेच उत्तर माझ्या वहीत आलं होतं, आणि तिला ते वही न लागता आलं होतं.

आता चांगली मुलगी असती तर धावत घरी गेली असती. मी हळूहळू गेले. पहिल्या दिवशी मला वाटलं, खडू आपोआप पुसला जाईल. दुसऱ्या दिवशी वाटलं, मावशीलाच आता दूध घालायचं नसेल, उगीच कशाला. तिसऱ्या दिवशी पोटात दुखतंय म्हणून शाळेला दांडी मारली, आणि दुपारी आबा झोपल्यावर परकराचा सोगा ओला करून दारावरची ती एक ओळ पुसून टाकली. दहा घरं तशीच, मध्ये एक ओला पट्टा. ह्याला मी चातुर्य समजले होते.

चौथ्या दिवशी सकाळी आबा दारासमोर उभे राहिले.

"हे कुणी पुसलं?"

"शेळीनं चाटलं असंल."

"शेळीनं." आबांनी माझ्या परकराकडं बघितलं. सोग्यावर खडूचा पांढरा डाग वाळून बसला होता. "शेळीला बरं वहिनीचंच नाव गोड लागलं."

मी रडायला लागले. रडत रडतच सगळं सांगितलं. बावीस, सोळा, छत्तीस मुलगे, चार मुली, वरची आठ पोरं. आबांना त्यातलं किती कळलं कोण जाणे. ते खाली बसले. त्यांनी पळसाची पानं घेतली, चार पानं एकीकडं ठेवली, एक दुसरीकडं.

"मला तवाच वाटलं हुतं," ते हळू म्हणाले. "दूध अंगठ्याला घट्ट लागायचं तिचं. पण म्हटलं शाळंचं गणित हाय, आपुन अडाणी माणसानं मधी कशाला बोलावं."

त्यांनी मला एक चापट मारली असती तर बरं झालं असतं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजूनही वाटतं.

"आबा, तुम्ही सांगता का मावशीला?"

"म्या न्हाय. तूच लिवलंस, तूच पुसलंस. आता बलवायला बी तूच जा. आन् ओढ्याच्या मागल्या वाटंनं चोरावानी जाऊ नको. हापशावरनं जा."

सांजच्याला मी गेले. हापशावर तीन-चार बायका होत्या. "कुठं गं निघालीस?" म्हणाल्या. मी म्हणाले, "मावशीकडं, दूध मागायला." एवढंच बोलले आणि पाय उचलला.

मावशी अंगणात होती. सकाळचं म्हशीचं दूध तापवून ठेवलं होतं, ते विरजायच्या तयारीत; शेजारी नुकतंच काढलेलं गायीचं, फेसासकट. तिनं मला बघितलं आणि दुधावर झाकण ठेवलं.

"मावशी, गणित चुकलं."

"कुणाचं?"

"तुमचं."

"माझं न्हाय चुकलं."

"माझं चुकलं."

"मामंजीला ऐकू येत न्हाय." तिनं ओट्यावरच्या सासऱ्याकडं मान हलवली. "म्हशीचं दूध का बंद झालं म्हणून रोज इचारत्यात. त्यांना सांग. मोठ्यानं."

मी ओरडले, "माझं गणित चुकलं!"

म्हातारा कानाला हात लावून म्हणाला, "आं?"

"माझं गणित चुकलं! दुधात पाणी नव्हतं!"

पल्याडच्या घरातून दोन डोकी बाहेर आली. म्हातारा समाधानानं म्हणाला, "मग म्या काय सांगत हुतो?" आणि पुन्हा आडवा झाला.

मावशी हसली नाही. पण तोंडाचा एक कोपरा हलला, तो मी बघितला. "कसं चुकलं ते तरी सांग. एवढी शाळा शिकलीस म्हणं."

तो टोला मला बसायचा तिथं बसला. मी पायाच्या अंगठ्यानं माती उकरत म्हणाले, "सकाळचं चार लिटर होतं नि सांजचं एकच. मी दोन्ही सारखंच धरलं. म्हशीच्या बावीसला गायीच्या सोळानं निम्मं खाली ओढलं. खरं तर एका लिटराला एवढं ओढायचं बळच नव्हतं. मावशी, आबांनी बोलावलंय. आत्ताच आणा म्हणाले, दोन्ही."

ती उठली. मोठी चरवी आणली, धुतली, आणि सकाळचं सगळं दूध तिच्यात ओतलं. लहान चरवीत गायीचं. दोन्हींवर पळसाचं पान बांधलं. तिचा प्रत्येक हात सावकाश चालला होता आणि मी उभ्या जागी वाळत होते. मग तिनं आपली चुंबळ काढून माझ्या डोक्यावर ठेवली, नीट दाबून बसवली, आणि म्हणाली,

"दोन्ही सारखंच धरलंस व्हय? मग ही मोठी तू घे, बारकी म्या घेती. हापशावरनं जाऊ, आन् तिथं समद्या बायांम्होरं मला सांग, दोन्ही सारख्याच जड हायत का ते."